रक्ताच्या दोन नळ्या आणि माझी बहीण कुंदा

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं.

"घरात कोणाला कॅन्सर झालाय का? आई, वडील, भावंडं?"

"नाही," मी म्हणालो. शेजारी माझी बायको मंदा बसली होती. तिनं पर्सची चेन उघडली, परत लावली.

मला सख्खी धाकटी बहीण आहे. कुंदा. तिला चाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. आठ केमो, ऑपरेशन, रेडिएशन, सगळं करून ती बरी झाली. कोपरखैरण्याच्या गावठाणात राहते. माझ्या नावड्याच्या घरापासून रिक्षा-बस करत गेलं तरी तास-दीड तासाचं अंतर. आणि मी डॉक्टरांना "नाही" म्हणालो.

हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे ज्या माणसांबद्दल लिहिणार आहे त्यांच्या चांगुलपणाची किंमत त्याशिवाय कळणार नाही.

*

मी गजानन. वय बासष्ट. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात तेहतीस वर्षं ऑपरेटर होतो. रिटायर झालो त्याच वर्षी कंबर दुखायला लागली. ड्रम ढकलून ढकलून पाठ गेलेलीच होती, त्यामुळे मलम चोळलं, पट्टा बांधला, कॉलनीतल्या हाडाच्या डॉक्टरांकडे शेक घेतला. चार महिने असेच गेले. लघवीला जोर लागायचा, पण ते वयाचं म्हणून सोडून दिलं. या गोष्टी आपण कोणाशी बोलत नाही. कारखान्यात आम्ही दहा-दहा जण एका पाळीत असायचो, रोज एकत्र डबा खायचो. त्यातल्या निम्म्यांना तरी हा त्रास असणार. एकानंही कधी तोंड उघडलं नाही.

शेवटी मुलीनं ओढत नेलं. प्राजक्ता, माझी एकुलती एक, ऐरोलीला एका कंपनीत काम करते. तिनं रक्ताची पीएसए नावाची तपासणी करायला लावली. आकडा बघून लॅबवाल्यानं परत रक्त मागवलं, त्याला वाटलं मशीनचं काहीतरी चुकलंय.

मशीनचं काही चुकलं नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तो कंबरेच्या नि मांडीच्या हाडांत पोचलेला.

वाशीच्या रुग्णालयात डॉक्टर सबनीस मॅडमनी हे सांगितलं. पन्नाशीच्या बाई, आवाज बारीक, बोलणं संथ. "बरा होणार का?" असं मी विचारलं. त्यांनी नजर चुकवली नाही. म्हणाल्या, "पूर्ण बरा नाही होणार. पण आवरून धरता येईल, आणि बरीच वर्षं आवरून धरता येतं. आपण तेच करायचंय."

बाहेर आल्यावर मंदानं मला उसाचा रस पाजला. दोघं रसवाल्याच्या गाडीशी उभे राहून प्यायलो. ग्लास परत देताना ती रसवाल्याला म्हणाली, "भैया, बरफ जास्ती होता." आणि मग तिथंच, पदर तोंडाला लावून, रडायला लागली.

*

दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, रोज गोळ्या. शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद करायचं, म्हणजे कॅन्सरचं खाणं बंद. आकडा झपाट्यानं उतरला. दुखणं गेलं. अंगातून गरम वाफा यायच्या, जानेवारीत पंखा लागायचा, आणि मंदा म्हणायची, "आता कळलं ना माझं काय व्हायचं?" पंचेचाळीस ते पन्नास या वयात ती काय सोसत होती ते मला साठीनंतर समजलं.

दीड वर्ष चांगलं गेलं. मग आकडा पुन्हा वर सरकायला लागला. आधी थोडा, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. कंबर पुन्हा बोलू लागली.

सबनीस मॅडम म्हणाल्या, "आता हा आजार हार्मोनशिवाय जगायला शिकलाय. पुढचं औषध ठरवायच्या आधी मला कळायला हवं की हा कुठल्या जातीचा आहे. प्रोस्टेट कॅन्सर हे नाव एकच आहे, पण आत त्याचे बरेच प्रकार आहेत. एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला पडत नाही."

दोन वर्षांपूर्वीच्या बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणात जपून ठेवलेला होता. तो काढून पाहिला, पण या तपासणीच्या कामाचा राहिला नव्हता. मग हाडाची बायोप्सी. पालथं झोपवून कंबरेच्या हाडात सुई घातली. भूल दिली होती, तरी हाडात सुई फिरते तो आवाज अंगातून ऐकू येतो. तो मला अजून विसरता येत नाही. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. नमुना अपुरा.

"परत करावी लागेल?" मी विचारलं. दोन्ही हात मी मांड्यांखाली दाबून धरले.

मॅडमनी ते पाहिलं. म्हणाल्या, "नको. आपण रक्तात शोधू."

*

ते त्यांनी मला कसं समजावलं ते लिहितो, कारण मला ते फार आवडलं.

म्हणाल्या, कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे बारीक बारीक तुकडे रक्तात सुटतात. त्यात त्यांचा डीएनए असतो. म्हणजे त्यांची कुंडलीच म्हणा. हाडात सुई न घालता हाताच्या शिरेतून रक्त घ्यायचं आणि त्यातून ते तुकडे वेचून वाचायचे.

मी म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे एमआयडीसीत नाल्याचं पाणी तपासायला यायचे. कारखान्यात पाऊल न टाकता, नुसत्या नाल्याच्या पाण्यावरून सांगायचे की वर कोण काय सोडतंय."

मॅडम थांबल्या. मग हसल्या, मोठ्यानं. "पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार," म्हणाल्या. तेहतीस वर्षं नोकरी केली, पण माझं बोलणं एवढ्या शिकलेल्या माणसानं उचलून धरलं असं पहिल्यांदाच झालं. त्या दिवशी मी घरी जाताना जरा ताठ चालत गेलो.

त्यांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. "हे दर वेळी जमतंच असं नाही. आजार शांत असेल तर रक्तात तुकडे कमी असतात आणि रिपोर्ट कोरा येतो. कोरा आला म्हणजे काही नाहीच असं समजायचं नाही. तुमचा आकडा आत्ता चढतोय, म्हणून आत्ताच बघायची वेळ आहे."

रक्त जिन्सी सिस्टरनी घेतलं. केरळच्या, पण जन्म इथलाच, मराठी एकदम फर्डं. माझ्या शिरा इतक्या टोचून टोचून आत गेल्या होत्या की दोन वेळा सुई चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, चोळून गरम केला, पाच मिनिटं. मग म्हणाल्या, "काका, तिकडे खिडकीकडे बघा. बस आली की सांगा." मी बस बघत राहिलो. बस यायच्या आधी दोन नळ्या भरल्या होत्या.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. आता या नळ्यांना मी सांभाळणार. हलवायच्या नाहीत जोरात, फ्रीजमध्ये पण नाही ठेवायच्या." आणि पाळण्यातून मूल उचलावं तशा त्यांनी त्या नळ्या हळूच उलट्या-सुलट्या करून खोक्यात ठेवल्या.

तीन आठवडे थांबायचं होतं. या थांबण्याबद्दल कोणी सांगत नाही. औषधाचा त्रास सांगतात, ऑपरेशनचा सांगतात. पण नुसतं बसून वाट बघण्यात माणूस घरच्यांवर किती खेकसतो ते कोणी सांगत नाही. मी मंदावर भाजीच्या मिठावरून ओरडलो. प्राजक्तानं फोनवर "बाबा, टेन्शन घेऊ नका" म्हटलं तर फोन ठेवून दिला. तुम्ही आत्ता त्या दिवसांत असाल तर एवढंच सांगतो, घरातली माणसंही तेवढीच वाट बघत असतात. त्यांना फक्त ओरडायची मुभा नसते.

*

रिपोर्टच्या दिवशी मॅडमच्या टेबलावर आठ-दहा पानं होती. त्यांनी मधलं एक पान काढलं.

"सापडलं," म्हणाल्या. "आणि उपयोगाचं सापडलं."

बीआरसीए-टू नावाचं एक जनुक असतं. डीएनए मोडला की दुरुस्त करायचं काम ते करतं. माझ्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं होतं. अशा प्रकारावर चालणाऱ्या वेगळ्या गोळ्या आहेत. रक्ताच्या त्या दोन नळ्यांनी मला एका ठरावीक गटात नेऊन बसवलं होतं, आणि त्या गटासाठी औषध होतं. मी मंदाकडे बघून हसलो. किती दिवसांनी, कोण जाणे.

मॅडमचं बोलणं मात्र संपलं नव्हतं.

"गजाननराव, हा बिघाड कधी फक्त कॅन्सरमध्ये असतो, कधी जन्मापासून असतो, घराण्यातून आलेला. ते बघायला वेगळी तपासणी करू. पण आधी मला परत विचारू दे. तुमच्या घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर?"

मी टेबलावरची पानं सरळ करू लागलो.

मंदा म्हणाली, "यांच्या बहिणीला झाला होता. सख्ख्या. अकरा वर्षं झाली. मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, मॅडम. चूक माझी पण आहे."

मला वाटलं आता मॅडम फाइल आपटणार. दोन वर्षं मी त्यांना अंधारात ठेवलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मंदाला म्हणाल्या, "आज सांगितलंत ते बरं केलंत." मग माझ्याकडे वळल्या. "अशी लपवालपवी माझ्याकडे आठवड्याला एक तरी होते. पण आता तुम्हाला बहिणीकडे जावं लागेल. तुमच्यासाठी नाही फक्त. मुलीसाठी."

प्राजक्ताचा विचार मला तोवर शिवलाच नव्हता.

*

आता ते सांगतो जे मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

कुंदाचे केमो चालू होते तेव्हाच प्राजक्ताचं लग्न होतं. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. नवरीला हळद लावायचा आत्याचा मान असतो. कुंदाच्या डोक्यावर एक केस नव्हता. भुवया गेल्या होत्या. मी तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, "हळदीला गर्दी असते, तुला त्रास होईल. तू नको येऊस." तिच्या काळजीनं बोलतोय असं दाखवलं. खरं म्हणजे व्याही मंडळींनी विचारलं असतं, हिला काय झालंय, आणि मुलीच्या घराण्याला डाग लागला असता, अशी मला भीती होती.

कुंदा म्हणाली, "बरं, दादूस." त्यानंतर ती माझ्या घरी आली नाही. सणावाराला फोन व्हायचा, तोही मंदाशी.

आता अकरा वर्षांनी तिच्या दारात मी गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं हे मला माहीत होतं. काय शिवते ते माहीत नव्हतं. एक बाई उंबऱ्यात उभं राहून ब्लाउज अंगाला लावून बघत होती. त्याच्या एका बाजूला आतून कापसाची गादी शिवलेली. कुंदा तिला सांगत होती, "हात वर कर. वर सरकतंय का? नाय ना? मंग बिनधास्त घाल. कोनाला काय कळनार नाय."

ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी ती असे ब्लाउज शिवत होती. घणसोलीहून, ऐरोलीहून बायका येतात. नऊ वर्षं हे चालू होतं आणि मला पत्ता नव्हता.

बाई गेली. कुंदानं मला पाणी दिलं, समोर बसली. केस पांढरे झाले होते, पण दाट. मी सगळं सांगितलं. हाडं, रक्त, रिपोर्ट, ते जनुक.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "दादूस, तू तुझ्या कामासाठी आलास का माझ्यासाठी?"

खोटं बोलायची मला सवय झाली होती. पण तिथं जमलं नाही.

"कामासाठी आलो," मी म्हणालो.

"हां. खरं बोल्लास. मंग आता जेवून जा."

जेवण वाढायच्या आधी तिनं मोबाइल काढला. आमचा घरच्यांचा ग्रुप उघडून वर वर सरकवत गेली. तीन वर्षांपूर्वीचा एक संदेश दाखवला. तिनं तिच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्वतःची जनुकीय तपासणी करून घेतली होती. रिपोर्टचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं: हे आपल्या घरातून आलेलं आहे, सगळ्यांनी तपासून घ्या, पुरुषांनी पण. त्याच्या खाली कोणीतरी सुप्रभातचा गुलाब टाकला होता. आणि त्याच्या खाली, माझ्या नावासमोर, जोडलेले दोन हात.

मी न वाचता हात जोडले होते. तेव्हा माझी कंबर दुखत नव्हती. तेव्हा तपासलं असतं तर आजार कदाचित प्रोस्टेटमध्येच सापडला असता.

कुंदानं मोबाइल बंद केला. "मना तुला लाजवायचं नाय," ती म्हणाली. "पन प्राजूला मी सांगनार. तू नाय. तू अर्धं सांगशील."

"आणि हळदीचं...," मी सुरुवात केली.

"ते राहू दे. ते माझ्यापाशी हाय. कवा जाईल ते मना पन नाय माहीत." तिनं ताटात भाकरी ठेवली. "जेव. औषध घ्यायचंय ना तुला?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही. तरीही त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक तपासणीला ती येते.

*

रुग्णालयात जनुकांबद्दल समजावून सांगायला एक वेगळी मुलगी बसते. तिनं कोऱ्या कागदावर आमचं घराणं काढलं, पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. मी आईबद्दल म्हणालो, "ती पोटाच्या विकारानं गेली." कुंदा म्हणाली, "नाय. पोटात पानी झायलेलं. पोट फुगलेलं, गरोदर बाईसारखं. मीच तिचं लुगडं बदलायची." त्या मुलीनं आईच्या गोलात पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि बाजूला प्रश्नचिन्ह केलं. अंडाशय असावं, खात्री आता होणार नाही. आईचा एक भाऊ, त्याची मुलं, असे कितीतरी चौकोन आणि गोल रिकामे होते. मी तो कागद बाजूला सारला. कुंदानं मात्र त्याचा मोबाइलवर फोटो घेतला.

माझी तपासणी आली. जन्मापासूनचंच होतं.

*

नव्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ. पहिल्या महिन्यात मळमळ एवढी की डाळीला फोडणी दिली तरी मी बाल्कनीत पळायचो. दुसऱ्या महिन्यात रक्त इतकं कमी झालं की जिना चढताना मधेच बसावं लागायचं. रक्त चढवायला दोनदा दाखल झालो.

रक्त चढवायचं म्हणजे चार तास एका जागी. कुंदा येऊन शेजारी बसायची, हातात शिवणकाम. ती नुसती माझ्यापाशी बसायची नाही. पलीकडच्या पलंगावर एक पंचविशीची मुलगी केमोला आली होती, केस गळाले म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेली. कुंदा तिच्याजवळ गेली, मोबाइलवर स्वतःचा जुना फोटो दाखवला, टकलाचा, भुवया नसलेला. मग स्वतःची वेणी पुढं घेऊन तिच्या हातात दिली. "ओढ. खरी हाय का बघ." त्या मुलीनं खरंच ओढली. आणि हसली.

तो फोटो मी पहिल्यांदा पाहत होतो. फोटोत कुंदा हसत होती. मी ज्या चेहऱ्याला लपवायला निघालो होतो तो हा चेहरा होता.

तीन महिन्यांनी आकडा निम्म्याखाली आला. सहा महिन्यांनी आणखी खाली. स्कॅनमध्ये हाडातले डाग फिके झाले. सबनीस मॅडमनी दोन्ही स्कॅन शेजारी लावून दाखवले. त्या स्वतः इतक्या खुश होत्या की मला वाटलं, रिपोर्ट त्यांचाच आहे. "हे कधीतरी पुन्हा बदलेल," त्यांनी तेव्हाही सांगितलं. "तेव्हा परत रक्त घेऊ आणि आजाराला परत विचारू की आता तू कोण आहेस." मला हे बोलणं पटतं. खोटा धीर देत नाहीत, आणि धीर सोडतही नाहीत.

सकाळी मी आता तलावापर्यंत चालत जातो. गोळ्यांमुळे थकवा आहे. दुपारी झोपावंच लागतं. पण कंबर दुखत नाही, आणि नातीला पाठुंगळी घेता येत नसलं तरी मांडीवर घेता येतं.

*

प्राजक्ताला कुंदानंच सांगितलं, ठरल्याप्रमाणे. तपासणीलाही तिच्याबरोबर तीच गेली. निकाल घ्यायला आम्ही सगळे गेलो.

प्राजक्तातही ते होतं.

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. मुलीला शिकवलं, लग्न करून दिलं, आणि हेही दिलं. प्राजक्ता माझ्यासमोर जमिनीवरच बसली, ऑफिसच्या कपड्यांत, माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून.

"बाबा, माझ्याकडे बघा. आजीला कळलंच नाही. आत्याला झाल्यावर कळलं. तुम्हाला हाडात गेल्यावर कळलं. मला काही व्हायच्या आधी कळलंय. दर वर्षी एमआरआय करणार, डॉक्टर सांगतील ते करणार. मी घाबरलेय, खोटं नाही बोलणार. पण मला वेळ मिळालाय."

"माझ्यामुळे...," मी म्हणालो.

"तुमच्या रक्तामुळे मला कळलं," ती म्हणाली. "ते पण तुमच्यामुळेच."

मग ती उठली आणि आत्याच्या गळ्यात पडून रडली. तीन बायका, माझी मुलगी, बहीण आणि बायको, त्या कॉरिडॉरमध्ये एकमेकींना धरून उभ्या होत्या. येणारे-जाणारे बाजूनं जात होते. कोण बघतंय याचा विचार माझ्या मनात आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आला नाही.

*

त्यानंतर कुंदानं मोबाइलमधला तो घराण्याचा कागद काढला आणि म्हणाली, "मामाच्या गावाला जायचं. तू पन येनार."

तळोज्याच्या पुढं मामाचं गाव. मामा गेला, त्याचा मोठा मुलगा मोरेश्वर माझ्याहून चार वर्षांनी लहान. शेत गेलं, त्या जागी चाळ बांधून भाड्यानं दिलीय. ओटीवर दहा-बारा जण जमले. कुंदा उभी राहिली आणि तिनं काही न झाकता सगळं सांगितलं. स्वतःचं, आईचं. मग माझ्याकडे बघितलं. मी उठलो. लघवीच्या त्रासापासून हार्मोनच्या इंजेक्शनापर्यंत, बायका-पुरुषांसमोर, आयुष्यात कधी बोललो नव्हतो ते बोललो.

मोरेश्वर म्हणाला, "आमाला कसला रोग नाय. भाकर खातो, झोपतो. तुमी शहरवाल्या लोकांनी तपासन्या करून करून रोग काढलेत." दोघं-तिघं हसले. चहा आला. आम्ही चहा पिऊन निघालो.

बसमध्ये मी चिडलो होतो. कुंदा म्हणाली, "मना त्या ग्रुपवर नुसते जोडलेले हात मिळालेले. इथं चहा तरी मिळाला." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. एवढं सोसून हे माणूस हसू कुठून आणतं, मला कळत नाही. मला एवढंच कळतं की हिचा भाऊ म्हणवून घेण्याइतका मी अजून झालेलो नाही, आणि मला तसं व्हायचंय.

पंधरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या फाटकापाशी मोटरसायकल थांबली. मोरेश्वर. आत येऊन बसला, हेल्मेट मांडीवर. मंदानं चहा विचारला, नको म्हणाला. ती समजून आत गेली.

"दादा," तो हेल्मेटची काच पुसत म्हणाला, "तू त्या दिवशी लघवीचं सांगितलंस ना. मना पन हाय. सहा महिने झायले. एकदा रक्त पन गेलं."

"कोणाला सांगितलंस?"

"कोनाला नाय. बायकोला पन नाय."

मी कुंदाला फोन लावला. तिनं फार काही विचारलं नाही. "आज ओपीडी चारपर्यंत हाय. तुमी निघा. मी वाशीला येते, केस पेपर काढून ठेवते," म्हणाली. मी फाइल घ्यायला उठलो.

"थांब," मोरेश्वर म्हणाला. "आधी बायकोला सांगतो."

तो अंगणात गेला, शेवग्याच्या झाडाखाली. फोन लागला. पलीकडून ती काहीतरी विचारत असावी, कारण तो दोन-तीनदा नुसतं "हां, हां" म्हणाला. मग झाडाच्या सालीवर नख ओढत राहिला. मी दारात पायांत चपला घालून उभा होतो. मी त्याला घाई केली नाही.

"ऐक ना," तो शेवटी म्हणाला, "मना तुला एक सांगायचंय."